शंख, चक्र आणि बुधवारची गोळी

लग्न करून मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हापासून माझी एकच तक्रार होती. माझे सासरे माझ्या हातातून काहीही घेत नाहीत. कॉफी नेली की म्हणणार, "ठेव तिथे." पेपर नेला तरी, "ठेव तिथे." दिवाळीत नमस्काराला वाकले तर मागे सरकून लांबूनच आशीर्वाद. सोवळ्याला इथे मडी म्हणतात. पूजा होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, एवढं मी दातओठ खाऊन का होईना, चालवून घेतलं असतं. पण बाकीच्यांची मडी दुपारच्या जेवणाबरोबर सुटते आणि आमच्या अप्पांची दिवेलागण झाली तरी सुटत नसे.

"अप्पांचं तसंच आहे," हर्ष म्हणायचा. हर्ष म्हणजे माझा नवरा. जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्याच्याकडे हे एकच उत्तर असतं आणि ते तो इतक्या शांतपणे देतो की माझा पारा आणखी चढतो.

या घरातली माणसं काही शतकांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठीच बोलतात, पण "स्वल्प थांब" आणि "सरी, निघूया" अशी. पहिल्या महिन्यात मी 'थोडं'ला स्वल्प म्हणायला लागले, दुसऱ्या महिन्यात 'बरं'ला सरी. जयनगरचं हे घर, दारातली तुळस, पितळी फिल्टरची कॉफी, सगळं मला आवडलं. फक्त अप्पांच्या त्या दोन शब्दांशी जमेना. रोज इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत धक्के खात जायचं, दिवसभर लोकांच्या चुका काढून पगार मिळवायचा, आणि घरी आल्यावर आपल्या हातचा पेला घरातल्या माणसाला चालत नाही. हा अपमान मी अप्पांसमोर गिळायची आणि हर्षवर काढायची.

अप्पांचं नाव प्राणेश. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उन्हाळा असो की पावसाळा, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. कुणी उठायच्या आत स्वतःची चटई स्वतः झटकायची, स्वतःच्या खोलीचा केर स्वतः काढायचा. मला वाटे, स्वच्छतेचं वेड. त्यांना सोरायसिस आहे हे मला ठाऊक होतं. म्हणजे लग्नाआधी हर्षने "अप्पांना त्वचेचं स्वल्प आहे" असं एका वाक्यात उरकलं होतं. कोपरांवर, पाठीवर, डोक्यात लाल चट्टे उठतात, त्यांची पांढरी खपली सुटते, कधी कमी, कधी जास्त. हा रोग शिवून लागत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या पाठीला मलम लावायच्या. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यानंतर पाठीचं काय होत असेल, हे या घरात कुणी विचारलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात मात्र अप्पांचे हात एकदम छान झाले. त्याचं श्रेय सांडग्यांना. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि कावळे हाकलायचं काम अप्पांकडे होतं. वर बघायला कुणी नाही म्हणून ते बाह्या वर सारून सकाळच्या उन्हात बसायचे. ऊन या आजाराला मानवतं, हे मला नंतर कळलं. हात निवळले आणि अप्पांनी ठरवलं की यंदा तप्तमुद्रा घ्यायची.

हे मलाही समजावून घ्यावं लागलं होतं. माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या पंथातल्या, घरातली माणसं आषाढी एकादशीला मठात जातात. तिथे शंख आणि चक्र कोरलेले धातूचे छोटे शिक्के होमाच्या विस्तवावर तापवलेले असतात. स्वामीजी ते क्षणभर दंडावर टेकवतात, एकावर चक्र, दुसऱ्यावर शंख. चटका बसतो, खूण उमटते आणि थोड्या दिवसांत पुसट होते. अप्पांना तरुणपणापासून ही मुद्रा घ्यायची होती, पण रांगेत उघड्या अंगाने उभं राहावं लागतं म्हणून ते टाळत आले होते. यंदा त्यांनी उपरणं पाठीवरून घट्ट ओढून घेतलं आणि फक्त दंड पुढे केले. मी गाडीतून सोडायला गेले होते. बाहेर आले तेव्हा परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे दिसत होते.

पुढे सगळ्यांच्या मुद्रा पुसट झाल्या. अप्पांच्या उगवल्या.

श्रावण लागता लागता शंख आणि चक्र कातडीच्या वर आले. लालबुंद, ठसठशीत, त्यावर चांदीसारखी पांढरी साय. चक्राचे आरेसुद्धा ओळखू येत होते. पहिल्यांदा ते पाहिलं वादिराज काकांनी. हे अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. पलीकडच्या रस्त्यावर राहतात, रोज सकाळी येतात आणि ऐकायला कुणी नसलं तर तुळशीशी बोलतात. अप्पांचं उपरणं खांद्यावरून घसरलं, काकांनी दंडाकडे पाहिलं आणि मी पहिल्यांदाच त्यांना गप्प झालेलं बघितलं.

"प्राणेशा, हे काय रे," ते शेवटी म्हणाले.

"उमटलंय."

"उमटलंय काय म्हणतोस. देवाने सही केलीय तुझ्यावर."

संध्याकाळपर्यंत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकला कळलं, दुसऱ्या दिवशी नवव्या. लोक यायला लागले. वादिराज काकांनी व्यवस्था हातात घेतली. अप्पांची खुर्ची खिडकीपाशी, उजेडात. स्वतः शेजारी. कुणी आलं की अप्पांचं मनगट धरून हात पुढे करायचे, बाही वर सारायचे आणि सांगायला लागायचे. गोष्ट रोज थोडी वाढायची. पहिल्या दिवशी शिक्का टेकताना अप्पांनी फक्त डोळे मिटले होते. आठवडा संपेपर्यंत त्यांना घंटानाद ऐकू आला होता. एक बाई मुलाचा पासपोर्ट घेऊन आल्या, व्हिसासाठी चक्राला लावायला. एकाने विचारलं, नोकरीसाठी शंखाला हात लावायचा की चक्राला. "शंख," काका म्हणाले. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बाहेर ही यात्रा आणि फिल्टरला विश्रांती नाही. चातुर्मासात आमच्या घरचे महिने खाण्यावरून ओळखतात. पहिला महिना भाजी बंद, दुसरा दही बंद, तिसरा दूध बंद, चौथा डाळ बंद. तेव्हा भाजीचा महिना चालू होता. मी भाजीशिवाय जगत होते आणि परक्यांना कॉफ्या देत होते, तेव्हा माझा स्वभाव काही फार गोड राहिला नव्हता.

पण खरा राग आला तो अप्पांचा. माणसं त्यांचा हात हातात घेत होती, दंडाला डोळे टेकवत होती, एका आजींनी तर गाल टेकवला. आणि ज्यांना माझा पेला चालत नाही ते मडीवाले अप्पा तिथे बसून हसत होते. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गर्दी गेल्यावर मी कॉफी घेऊन गेले आणि पेला त्यांच्या अगदी समोर धरून उभी राहिले.

"ठेव तिथे," अप्पा म्हणाले.

मी आदळलाच. तो त्यांनी उचलला तेव्हा मला बोट दिसलं. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नखापर्यंत सुजलेलं, पिकल्या तोंडल्यासारखं. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून तोंडाशी नेला.

"बोटाला काय झालं?"

"काही नाही. सकाळी स्वल्प आखडतं. ऊन वर आलं की सुटतं."

हर्ष म्हणाला, अप्पांचं तसंच आहे. मी म्हटलं, अप्पांचं असेल, बोटाचं तसं नाही. जवळच्याच एका त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अप्पांनी एका अटीवर यायचं कबूल केलं. बोट दाखवणार, मुद्रा नाही. सदऱ्याच्या मनगटापर्यंतच्या गुंड्या लावून निघाले.

डॉक्टर स्मृती माझ्याच वयाच्या असतील. बोट पाहिलं, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "सदरा काढा." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे तोंड करून उभी राहिले. मागे सदऱ्याच्या गुंड्या एकेक करून सुटल्या.

"आषाढीची?" डॉक्टरांनी विचारलं. "माझे आजोबाही घ्यायचे."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. सोरायसिसच्या कातडीला ही खोड असते. जिथे भाजतं, खरचटतं, तिथे दोन-तीन आठवड्यांनी आजार उगवू शकतो. शिक्का शंखाचा होता म्हणून शंख उगवला. "चमच्याचा चटका बसला असता तर चमचा उगवला असता, अंकल."

सध्या काय लावता, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मनाने आणलेल्या एका ट्यूबचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी कोपरापाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. औषध वाईट नाही, पण किती आणि कधी ते ठरवून लावायचं. मनाने लावत राहिलात तर कातडी पातळ होते. मनाने एकदम सोडलंत तर आजार उसळतो." त्या ट्यूबच्या जागी दुसरं मलम लिहिलं, डोक्यासाठी वेगळं, आणि मध्ये नुसतं ओलावा धरणारं, हवं तितकं.

"गच्चीवर मला बरं वाटलं होतं," अप्पा म्हणाले.

"वाटणारच. आमच्याकडे त्याचंच नेमकं यंत्र आहे, कपाटाएवढं. आत उभं राहायचं, मोजून प्रकाश घ्यायचा. नुसती कातडी असती तर मी तेच सांगितलं असतं. पण तुमच्या सांध्यांत उतरलंय हे. तिथे मलम पोचत नाही आणि प्रकाशही पोचत नाही. त्याला गोळी लागेल. आठवड्यातून एकदा. रोज नाही, एकदाच. ही चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आधी रक्त तपासू, मग अधूनमधून तपासत राहू. सांध्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. गोळीने भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, महाग आहेत, पण चांगली आहेत. आजार मुळापासून जाणार नाही. दबून मात्र राहू शकतो, वर्षानुवर्षं." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "दारू घेता?"

अप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढचं लिहिलं.

"आणि गोळी नाहीच घेतली तर?" मी विचारलं.

"बोट वाकडं राहील. मग शेजारचं. एकदा सांधा झिजला की तो परत येत नाही."

अप्पा सदऱ्याच्या गुंड्या लावत होते. त्या त्यांना लागत नव्हत्या. "गोळीने मुद्रा जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल. ती आता आजारच आहे."

"ह्या दोन ठेवून बाकीचं बरं करता येणार नाही?"

डॉक्टर हसल्या नाहीत, आणि त्याबद्दल मला त्या कायमच्या आवडल्या. "गोळीला पत्ता देता येत नाही, अंकल."

"पाहू," अप्पा म्हणाले.

रक्त तपासलं, ते ठीक निघालं. हर्ष गोळ्या आणि मलमं घेऊन आला. अप्पांनी पिशवी देवघराच्या फडताळात ठेवली आणि तिच्यावर पंचांग ठेवलं. वादिराज काकांना कळलं तेव्हा ते भडकले. देवाच्या सहीवर खोडरबर फिरवतात का, म्हणाले. मी त्यांना त्या दिवशी साखर कमी घातली.

दह्याचा महिना लागला. अप्पांचं दुसरं बोट फुगलं. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा "पाहू". मला कळेना की हा माणूस इतका हुशार, सगळं समजतं, आणि दोन चट्ट्यांसाठी हात गमवायला निघालाय. भक्ती म्हणावी तर भक्ती आम्हालाही कळते. हे काहीतरी वेगळं होतं.

मग एका सकाळी मी ऑफिसला लवकर निघाले होते. अप्पा अंगणात तुळशीची माळ करत बसले होते. ती त्यांची रोजची, देवासाठी, केळीच्या दोऱ्याची. बोटं वळत नव्हती. गाठ मारायला गेले की पानं निसटायची. एकदा, दोनदा. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोऱ्याचं टोक पटकन दातात धरलं. मडीत दोरा तोंडाला लागला म्हणजे सगळी माळ उष्टी. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनाही ते उमगलं, आणि त्यांनी ती अर्धी माळ खाली ठेवून दुसरा दोरा घेतला.

मला पाहवेना. "द्या इकडे. अंघोळ झालीय माझी."

"मडी आहे. लांब."

झालं. माझं डोकं फिरलं. "अप्पा, ती पासपोर्टवाली बाई काय सोवळ्यात आली होती? वादिराज काका रस्त्याने येतात आणि सरळ तुमचं मनगट धरतात, त्यांना मडी नाही. अख्ख्या जयनगरला मडी नाही. फक्त मला आहे. मी काय केलंय तुमचं?" शेवटी माझा आवाज फुटला, त्याने मी आणखी चिडले.

अप्पांनी हातातला दोरा खाली ठेवला.

"तुलाच नाही गं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच होती. मडी ही माझी सोय आहे, संहिता."

मला कळलं नाही. मी खांद्यावरची ऑफिसची पिशवी खाली ठेवली.

"नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस माझं पेन घेतलं की रुमालाने पुसायचा. न्हाव्याने एकदा खुर्चीतून उठवलं. लग्नाच्या पंगतीत बाजूच्याने आपलं पान ओढून घेतलं. स्वल्पच, वीतभर. पण मी बघितलं. मग मला युक्ती सापडली. लोकांनी मागे सरायच्या आधी आपणच म्हणायचं, शिवू नका, मडी आहे. मग कुणी मागे सरत नाही. उलट म्हणतात, काय निष्ठा आहे माणसाची." ते थोडे हसले. "तू नवीन सून आलीस. पेला देताना माझी बोटं बघून तुझा चेहरा स्वल्प जरी बदलला असता, तर मला या घरात राहणं जड गेलं असतं. म्हणून, ठेव तिथे."

"आणि ही मुद्रा?"

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे ती काय आहे. ही खपली माझ्या ओळखीची आहे. पण तुझी सासू गेल्यापासून मला कुणाचा हात लागला नव्हता. आता अनोळखी माणसं हात हातात घेतात. वादिराज बघ. शाळेपासूनचा मित्र, त्याने कधी माझं मनगट धरलं नव्हतं. आता सोडत नाही. गोळी घेतली की हे सगळं जाणार. मग कोण धरणार?"

मी आत गेले, फडताळातलं पंचांग बाजूला केलं, पाठीचं मलम घेतलं आणि बाहेर आले.

"उपरणं काढा."

"काय?"

"पाठीला तुमचा हात पोचत नाही. ते सासूबाईंचं काम होतं, आजपासून माझं."

"अगं, मडी..."

"मडी सोय आहे म्हणालात ना. मग स्वल्प गैरसोय करून घ्या."

त्यांना उपरणं काढायला वेळ लागला. मी घाई केली नाही. पाठ वाईट होती, खोटं कशाला सांगू. तळहाताहून मोठे चट्टे, भेगा, एका ठिकाणी खाजवून रक्त आलेलं. ते बघून माझा चेहरा नक्कीच बदलला असणार, पण मी त्यांच्या पाठीमागे होते. मग मी मलम बोटावर घेतलं आणि खांद्यापासून सुरुवात केली. पहिल्यांदा हात लागला तेव्हा अप्पा दचकले. दुसऱ्यांदा कमी. नंतर त्यांचे खांदे हळूहळू खाली आले आणि मला रडू आलं. ते मी आवाज न करता उरकून घेतलं.

"गोळी घ्या," मी मागूनच म्हटलं. "मुद्रा गेली तरी पाठ माझ्याकडे राहील. रोज."

"ऑफिस?"

"ऑफिसच्या आधी."

"आणि वादिराज?"

"काकांचं मी नाही सांगू शकत, अप्पा."

हे त्यांना खोट्या भरवशापेक्षा बरं वाटलं असावं. "सरी," ते म्हणाले. "बुधवार ठरव. गुरुवार राघवेंद्रस्वामींचा, तो नको."

एकादशी बुधवारी आली तर काय, असा फोन त्यांनी स्वतः डॉक्टरांना केला. डॉक्टर म्हणाल्या, औषधाने उपास मोडत नाही. हर्षने बुधवारची गोळी सोडून बाकी पाकीट आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. चुकून रोज घेतली जाऊ नये म्हणून त्याने स्वतः होऊन केलेलं हे पहिलं काम. मी त्याला त्या आठवड्यात एकही टोमणा मारला नाही.

पाठीची गोष्ट जमली. मी मलम लावायची, अप्पा तुळशीला तोंड करून मला टेलिफोन खात्यातले किस्से सांगायचे. कॉफीचं मात्र तेच, "ठेव तिथे." मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग लक्षात आलं. पाठ दाखवताना त्यांना माझं तोंड बघावं लागत नव्हतं. पेला समोरून घ्यावा लागतो. मी रागावले नाही. ठेवत गेले.

दुधाच्या महिन्यात आम्ही काळी कॉफी पीत होतो तेव्हा मुद्रेचे काठ विरघळायला लागले. आधी शंखाची शेपटी गेली. चक्राचे आरे एकमेकांत मिसळले. यात्रेकरू रोडावले. वादिराज काका चष्मा कपाळावर सारून दंड बघायचे आणि कासावीस व्हायचे. "गोळी बंद कर रे. अजून अर्धं आहे." अप्पा काही दिवस नुसती बाही खाली ओढून घेत. मग एका सकाळी माझ्यासमोरच म्हणाले, "वाद्या, हा सोरायसिस आहे. तो मला तरुणपणापासून आहे. मडी मी त्यासाठीच धरली होती."

काकांनी मनगट धरलेलं होतं. त्यांनी ते सोडलं. मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

अप्पा बोलले काही नाहीत, पण फाटक वाजलं की मान वळायची. दूधवाला असायचा नाहीतर कुरियर. बोटांची सूज उतरली होती, माळ पहिल्यासारखी व्हायला लागली होती, पाठीवर तर आता मलम शोधून लावावं लागत होतं. डॉक्टर खूश होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी तापलेली नको, गोपीचंदनाची थंड मुद्रा लावा. अप्पांनी मान हलवली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "औषध लागू पडलं म्हणायचं." त्यांचा तो आवाज ऐकून मी वादिराज काकांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांना ठसका लागला असेल.

डाळीचा महिनाही गेला. कार्तिकातली द्वादशी, तुळशीच्या लग्नाचा दिवस. स्वयंपाकघरात कितीतरी दिवसांनी सांबार उकळत होतं. हर्षने अप्पांना अर्ध्या बाह्यांचा निळा शर्ट आणला होता आणि तो त्यांनी घातला होता. दोन्ही दंड उघडे, नितळ, मुद्रेच्या जागी नुसता फिका डाग. खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसले होते. फाटक वाजलं.

वादिराज काका आत आले. कुणाकडे न बघता शेजारच्या खुर्चीत बसले. थोडा वेळ त्यांनी तुळशीकडे पाहिलं.

"सगळ्या जयनगरला देवाची सही म्हणून सांगत होतो," ते म्हणाले. "आता तोंड कुठे दाखवू?"

"इथेच दाखव," अप्पा म्हणाले.

काकांचा हात आपोआप गेला आणि त्यांनी अप्पांचं उजवं मनगट धरलं. आता बाही वर सारायला नव्हती, दाखवायला काही नव्हतं, बघायलाही कुणी नव्हतं.

"सवय लागलीय रे," ते म्हणाले. "घरी बसलो होतो तर हाताला काही काम नाही. करमेना." आणि मग ते गेल्या दिवसांचं सगळं साठलेलं बोलायला लागले, त्यांच्या सुनेबद्दल, नळाबद्दल, मठातल्या गर्दीबद्दल.

मी आत जाऊन कॉफी ओतली. दुधाची, फेस आलेली. बाहेर आले आणि नेहमीप्रमाणे बाजूच्या स्टुलाकडे वळले.

"थांब," अप्पा म्हणाले. "वाद्या, हात सोड. कॉफी घ्यायचीय."

"स्वल्प थांब, नळाचं सांगतोय ना," काका म्हणाले आणि त्यांनी हात सोडला नाही.

डाव्या हाताने घेणं अप्पांच्यात चालत नाही. त्यांनी डावा हात पुढे केला. माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून, आणि म्हणाले, "दे इकडे."

मी दिला. पेला गरम होता आणि त्यांची बोटं माझ्या बोटांवर टेकली होती. मी तो लगेच सोडला नाही.